पहिली ऑटोक्रॉस: हेल्मेटच्या आधी मार्शल कुठे उभा आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: "मी चिंचवडला राहतो, वय २६. गाडी साधी पेट्रोल स्विफ्ट, काहीही बदल केलेला नाही. पुढच्या महिन्यात एका क्लबच्या हौशी ऑटोक्रॉसला नाव दिलंय, ट्रॅक मातीचा आहे. बाइकचं हेल्मेट चालेल का? रोल केज आणि चार पट्ट्यांचा बेल्ट बसवून घेऊ का? मित्र शेजारी बसायचं म्हणतोय, त्याची ब्रेझाही उतरवायची म्हणतोय, चालेल? आणि एंट्री फी भरूनसुद्धा अर्धा दिवस उन्हात मार्शल म्हणून उभं राहायची सक्ती आहे, ती कशासाठी?"

मी पुणे-नाशिक भागातल्या हौशी स्पर्धांमध्ये बरीच वर्षं स्क्रूटिनी (स्पर्धेआधीची गाड्यांची तपासणी) आणि ट्रॅकवरची सुरक्षा बघतो, त्याआधी स्वतः चालवायचो. तुमचे बाकीचे प्रश्न चांगले आहेत आणि त्यांची उत्तरं देतोच. पण शेवटचा प्रश्न तुम्ही तक्रार म्हणून विचारलाय आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

ऑटोक्रॉसमध्ये तुम्ही कुणाशी झुंजत नसता. प्लॅस्टिकच्या कोनांनी आखलेल्या ट्रॅकवर गाडी एकटी, स्पर्धा घड्याळाशी. काही आयोजक ठरावीक अंतराने दुसरी गाडी सोडतात, पण दोघांच्या मध्ये अर्धा ट्रॅक मोकळा असतो. वेग बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमधला, ताशी ४० ते ७०, एखाद्या सरळ पट्ट्यात थोडा जास्त. म्हणजे एक्सप्रेसवेवर तुम्ही रोज यापेक्षा जोरात जाता. शिवाय तुमच्याभोवती पत्रा आहे, बेल्ट आहे, एअरबॅग आहे, डोक्यावर हेल्मेट आहे. पडलेले कोन उचलायला आणि धोका दिसला की झेंडा दाखवायला कोनांच्या पलीकडे उभ्या असलेल्या मार्शलकडे काय आहे? चमकणारं जॅकेट, शिट्टी आणि झेंडा. या खेळात सगळ्यात उघड्यावर असलेला माणूस तो आहे, आणि त्याचा जीव बऱ्याच अंशी तुमच्या उजव्या पायावर अवलंबून आहे. म्हणून तुमचा खरा प्रश्न "मला लागेल का" हा नसून "माझ्यामुळे कुणाला लागेल का" हा आहे. त्याचं उत्तर नीट सापडलं की तुमची स्वतःची सुरक्षा बरीचशी आपोआप जमते.

थोडं गणित बघा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. झेंडा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर १७ मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर पुढे थांबायला १८ मीटरच्या आसपास लागतात, म्हणजे एकूण ३५. भुसभुशीत मातीवर पकड जवळपास निम्मी होते, थांबायलाच पस्तीसेक मीटर लागतात आणि एकूण अंतर ५० मीटरच्या पुढे जातं. त्यात साध्या गाडीचं एबीएस सैल मातीवर चाक लॉक होऊ देत नाही. लॉक झालेल्या चाकापुढे मातीचा जो ढीग साचून गाडी अडते तो साचतच नाही, आणि अंतर आणखी वाढतं. स्टिअरिंग मात्र हातात राहतं, म्हणून एबीएसचा फ्यूज काढायच्या सल्ल्यांकडे पहिल्या वर्षी तरी लक्ष देऊ नका.

सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या वेळी काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. स्पर्धेसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक दुचाकी आली, रॅलीच्या गाडीची धडक बसली आणि एकाच कुटुंबातले तिघं गेले. रॅली आणि ऑटोक्रॉसमध्ये फरक आहे. तिथे किलोमीटरच्या किलोमीटर रस्ता असतो, आपल्याकडे एक मैदान, आणि नजरेच्या टप्प्यात सगळा ट्रॅक. पण घात ज्यातून झाला ते दोन्हीकडे सारखंच आहे. जिथे कुणी नाही असं ड्रायव्हर धरून चालला होता, तिथे कुणीतरी होतं. आपल्या भागात तर याची जास्त काळजी घ्यावी लागते. बैलगाडा शर्यतीला घाटाच्या कडेला खेटून उभं राहून बघायची लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. गावाजवळच्या मैदानावर गाड्यांचा आवाज झाला की पोरं, माणसं, मेंढरं सगळं जमतं, आणि दोरीच्या आत चार पावलं आलेल्या माणसाला आपण काही गैर करतोय असं वाटतही नाही. त्याला मागे घेणारा मार्शल हवा, आणि तेवढ्यात लाल झेंडा पडला तर थांबणारा ड्रायव्हर हवा.

स्पर्धकांनीच आळीपाळीने मार्शल व्हायचं ही रीत तुमच्या आयोजकांनी मनाने काढलेली नाही. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या 'सोलो' नावाच्या ऑटोक्रॉस स्पर्धा वर्षानुवर्षं अशाच चालतात. एका गटाने चालवायचं, दुसऱ्याने ट्रॅकवर उभं राहायचं, मग अदलाबदल. पैसे वाचतात हे खरं, पण त्याहून मोठा फायदा असा की प्रत्येक ड्रायव्हरला ट्रॅकची दुसरी बाजू दिसते.

आता तुम्ही तिथे उभे आहात असं समजा. तुमच्या समोरच्या वळणावर गाडीने कोन उडवला. फक्कीने आखलेल्या चौकोनातून तो पूर्ण बाहेर पडलाय, म्हणजे दंड धरायचा. सोलोमध्ये एका कोनाला दोन सेकंद आहेत, तुमच्याकडे किती ते ब्रीफिंगमध्ये, म्हणजे स्पर्धेआधीच्या सूचनांमध्ये, सांगतील. पहिली नजर कोनाकडे जाऊ द्यायची नाही, पुढच्या गाडीकडे टाकायची. ती कुठवर आली? वेळ असेल तर तिथल्या दोन मार्शलांपैकी एकानेच जायचं. दुसऱ्याने झेंडा हातात धरून, गाडीकडे तोंड करून जागेवरच थांबायचं. जाणाऱ्याने ट्रॅक आडवा ओलांडायचा, ट्रॅकच्या कडेकडेने पळत सुटायचं नाही. कोन चौकोनात ठेवायचा आणि परत येतानाही नजर गाडी येणाऱ्या बाजूला. वेळ नसेल तर कोन पडू दे. पुढच्या ड्रायव्हरचा मार्ग त्यामुळे बिघडला तर त्याला रन, म्हणजे ती फेरी, पुन्हा मिळेल. प्लॅस्टिकच्या कोनासाठी कुणीही गाडीसमोर धावायचं नाही, हे मी प्रत्येक ब्रीफिंगला सांगतो आणि तरी दर वेळी कुणाला तरी ओरडून परत बोलवावं लागतं.

उभं कुठे राहायचं याचाही विचार आहे. पकड सुटलेली गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते, म्हणून वळणाच्या बाहेर, विशेषतः गाडी जिथून वळण सोडते तिथे, कुणीही उभं राहायचं नाही. आतल्या बाजूला आणि बरंच मागे उभं राहायचं. नागमोडी कोनांच्या जागी अजून सावध राहायला लागतं. तिथे मागचा भाग एकदा डावीकडे सुटतो आणि ड्रायव्हरने घाईने सावरला की दुप्पट जोराने उजवीकडे झोकतो. आतली-बाहेरची बाजू तिथे क्षणात बदलते, म्हणून अंतर हाच उपाय. बसायचं नाही, कारण बसलेल्या माणसाला उठून पळायला लागणारा दीड सेकंद मिळत नाही. फोन खिशात, व्हिडिओ नंतर. आणि अग्निशामक कुठे ठेवलाय, त्याची पिन कशी निघते, वारा कुठून वाहतोय, हे हीट (एका गटाची चालवायची पाळी) सुरू व्हायच्या आधी बघून घ्यायचं.

हे सगळं अर्धा दिवस केल्यावर तुम्ही गाडीत बसाल तेव्हा ट्रॅक वेगळा दिसेल. कुठे गाड्या फरपटतात, कुठे माती उकरून चर पडलाय, धुळीत झेंडा किती उशिरा दिसतो हे तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल. मार्शल म्हणून उभा राहिलेला ड्रायव्हर लाल झेंड्याला लवकर थांबतो, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

लाल झेंड्याचं पण स्पष्ट सांगतो, कारण नवे लोक इथेच गडबडतात. झेंडा दिसला की वेळ विसरायची. स्टिअरिंग सरळ करून जोरात पण ताब्यात ब्रेक मारायचा, गाडी थांबवायची, आणि मार्शल सांगेल तोवर तिथेच राहायचं. रिव्हर्स नाही, वळवून उलट दिशेने येणं तर अजिबात नाही. "झेंडा बहुतेक माझ्यासाठी नसेल" असा विचार मनात आला तरी थांबायचं. बहुतेक सगळीकडे थांबणाऱ्याला तो रन पुन्हा दिला जातो. न थांबणाऱ्याला मी बाद करायला सांगतो, मग त्याची वेळ कितीही चांगली असो.

रस्ता चुकलात तरी हाच हिशेब. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण एखादा गेट, म्हणजे दोन कोनांमधली वाट, चुकवतो, कारण मैदानभर सगळीकडे सारखेच कोन दिसतात. चुकलात की वेग कमी करा आणि मार्शल दाखवेल तिकडून बाहेर पडा. चुकलेला गेट पकडायला गाडी फिरवली की तुम्ही मागच्या गाडीच्या तोंडावर येता. गाडी गरकन फिरली तर दोन्ही पाय आत, क्लच आणि ब्रेक. क्लच दाबला की इंजिन बंद पडत नाही, आणि ब्रेक धरून ठेवला की गाडी कुठल्या रेषेत घसरणार हे मार्शलला ओळखता येतं. मध्येच ब्रेक सोडला तर ती अचानक पकड घेऊन भलतीकडे सुटते. थांबल्यावर अंगठा वर करून ठीक असल्याची खूण करा. धूर किंवा आग नसेल तर बेल्ट काढू नका, खाली उतरू नका. चिखलात रुतलात तरी गाडीतच थांबा, ओढायला माणसं येतील.

सगळ्यात जास्त अपघात कुठे होता होता वाचतात सांगू? शेवटच्या रेषेनंतर. ट्रॅकभर ड्रायव्हर सावध असतो, टायमिंगची रेषा ओलांडली की मन सैल पडतं. नजर बोर्डावरच्या वेळेकडे जाते, आणि नेमकी त्याच बाजूला टायमिंगची माणसं, दुसरे स्पर्धक, पाण्याचे कॅन, मुलं असतात. चांगले आयोजक फिनिशनंतर मुद्दाम लांब मोकळी जागा आणि एक थांबायचा चौकोन ठेवतात. त्या चौकोनात गाडी पूर्ण उभी करायची आणि मगच चालण्याच्या वेगाने पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या जागेत) न्यायची. स्पर्धेआधी ट्रॅक चालत बघताना फिनिशपाशी थांबू नका, पुढे जाऊन तो चौकोन पायांनी मोजा. सैल मातीवर तिथे किती लवकर ब्रेक धरावा लागेल ते तेव्हाच ठरवून ठेवा. जागा कमी वाटली तर लाजू नका, क्लर्क ऑफ द कोर्सला, म्हणजे स्पर्धा चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याला, तिथल्या तिथे सांगा. त्यांनी तुम्हाला नवखा म्हणून उडवून लावलं तर त्या स्पर्धेत उतरायचं की नाही याचा फेरविचार करा.

आता हेल्मेट. हे आयोजकांच्या नियमांवर अवलंबून आहे, म्हणून त्यांची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स (त्या स्पर्धेची लेखी नियमावली) आधी वाचा. हौशी गटात बाइकचं चांगलं फुल-फेस हेल्मेट बऱ्याच ठिकाणी चालतं, अमेरिकेतल्या सोलोमध्येही स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं बाइकसाठीचं 'एम' मानांकन मान्य आहे. गाड्यांच्या 'एसए' मानांकनात दोन गोष्टी जास्त असतात. अस्तराने सहज पेट घेऊ नये याची चाचणी, आणि रोल बारवर (गाडी उलटली तर आधार म्हणून आत बसवलेल्या लोखंडी नळीवर) डोकं एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटलं तर काय होतं याची चाचणी. तुमच्या गाडीत रोल बार नाही, इंधनाच्या लाइनमध्ये बदल नाही, त्यामुळे या वर्षी आयएसआयचं आयएस ४१५१ किंवा युरोपचा ईसीई शिक्का असलेलं, मापात बसणारं बाइकचं हेल्मेट नियमात बसत असेल तर तेच घाला. अर्धं हेल्मेट नको. कधी जोरात पडलेलं नको. मित्राचं मागून आणलेलं तर अजिबात नको. ते तुमच्या डोक्याच्या मापाचं नसतं. गाल घट्ट दाबले गेले पाहिजेत, आणि हनुवटीचा पट्टा लावून हेल्मेट हातांनी फिरवलं तर गालाची कातडीही सोबत फिरली पाहिजे.

एक गोष्ट घरी करून बघा. हेल्मेट घालून स्विफ्टमध्ये बसा. डोकं छताला टेकतंय का? टेकत असेल तर सीट खाली घ्या. पाठ थोडी सरळ ठेवा, आणि खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. एवढ्या अंतरावर बसलात तर हात पूर्ण ताणले जात नाहीत आणि एअरबॅगला उघडायला जागा राहते. मातीवर स्टिअरिंगला झटके बसतात, म्हणून अंगठे आरीच्या आत अडकवू नका. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. तो खाली घट्ट ओढा, वरचा पट्टा एक झटका देऊन लॉक करा आणि मग मागे टेकून बसा.

रोल केज (अशा नळ्यांचा पूर्ण पिंजरा) आणि चार पट्ट्यांचा बेल्ट: नको. हे जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानदार तुम्हाला उलटं सांगेल. कंपनीची सीट, तीन बिंदूंचा बेल्ट, एअरबॅग आणि छत हे सगळं एकमेकांना धरून आखलेलं असतं. साध्या सीटवर चार पट्ट्यांचा बेल्ट लावला तर धडकेत खांद्याचे पट्टे वर ओढले जातात, कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि शरीर खालून सरकतं. गाडी उलटली तर तीन बिंदूंच्या बेल्टमध्ये धड थोडं बाजूला झुकू शकतं, चार पट्ट्यांमध्ये ते ताठ बांधलेलं राहतं, आणि वरचं छत मात्र साधंच आहे. केज बसवला तर दुसरी अडचण. तुम्ही त्याच गाडीने ऑफिसला जाणार, डोक्यावर हेल्मेट नसणार, आणि कानाजवळ लोखंडी नळी असणार. साध्या धक्क्यातही डोकं तिच्यावर आदळतं. केज, बकेट सीट, पाच-सहा बिंदूंचा हार्नेस आणि मान धरणारं उपकरण हा एक संच आहे. पुढे रॅलीकडे वळलात तर तो पूर्ण घ्या, आणि ती गाडी रस्त्यासाठी वापरू नका. त्यातलं एकच काही घेणं म्हणजे आहे ती सुरक्षा मोडणं.

ब्रेझाबद्दल. गाडी उलटण्याचा धोका चाकांमधलं अंतर आणि गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर ठरतो. गाडी जितकी उंच आणि अरुंद, तितकी उलटायला सोपी. सपाट डांबरावर साधे टायर आधी घसरतात, त्यामुळे उंच गाडीही सहसा उलटत नाही. पण मातीवर गाडी आडवी घसरत असताना चाक चरात किंवा मऊ कडेत अडकलं की वरचा भाग पुढे जातोच. उलटणाऱ्या बहुतेक गाड्या अशाच अडखळून उलटतात. म्हणून उंच गाड्या मातीच्या ऑटोक्रॉसला नकोत असं माझं मत आहे, मग आयोजकांनी एसयूव्हीचा गट ठेवलेला असला तरी. तुमच्या स्विफ्टलाही हाच धोका एका मार्गाने येतो. पकड वाढेल म्हणून लोक टायरची हवा फार कमी करतात. आडव्या घसरणीत टायर रिममधून सुटतो, रिमची कड जमिनीत रुतते आणि गाडी उचलली जाते. कंपनीने सांगितलेल्या हवेपेक्षा कमी करू नका. डांबरावरची स्पर्धा असेल तर उलट थोडी वाढवावी लागते, ते तुमच्या क्लबमधला जुना माणूस टायरची कड बघून सांगेल.

मित्राने शेजारी बसावं का? तुमच्या पहिल्या स्पर्धेत नको. नियमात परवानगी असली तरी नको. शेजारी मित्र असला की माणूस आपल्या कुवतीपेक्षा जोरात चालवतो, वय २६ असेल तर नक्कीच. शेजारी बसायचंच असेल तर क्लबमधल्या अनुभवी ड्रायव्हरला बसू द्या, तो तुम्हाला हळू करेल. पहिला रन फक्त रस्ता ओळखायला, साधारण सत्तर टक्के जोर लावून. दुसऱ्यात ब्रेक कुठे धरायचा ते शोधा. वळणाच्या आधी सरळ रेषेत ब्रेक, मग वळण, मग अॅक्सिलरेटर. नजर पुढच्या कोनाच्याही पुढच्या कोनावर. ज्या कोनाची भीती वाटते त्याच्याकडे टक लावून बघितलं की गाडी तिकडेच जाते.

स्क्रूटिनीला येताना गाडी रिकामी करून आणा. मी दार उघडून पहिल्यांदा ड्रायव्हरच्या पायाखाली बघतो. सैल मॅट अॅक्सिलरेटरवर चढते, पाण्याची बाटली सीटखालून घरंगळत येऊन ब्रेकच्या पेडलमागे बसते आणि पेडल अर्ध्यावर अडकतं. हे घडायला एक जोराचा ब्रेक पुरतो, आणि नेमका तेव्हाच ब्रेक हवा असतो. म्हणून चारही मॅट बाहेर, बाटली, छत्री, फोनचा स्टँड, डिकीतला जॅक आणि पाने बाहेर. स्टेपनी नीट आवळलेली असेल तर राहू द्या किंवा काढा. डॅशबोर्डवरचा गणपती काढायला सांगितला की लोकांना वाईट वाटतं, अगदी समजू शकतो. पण दुतोंडी टेपवर चिकटवलेली पितळी मूर्ती उन्हात सुटते आणि एअरबॅग उघडली तर थेट तोंडावर येते. सकाळी घरून निघतानाच ती नमस्कार करून देवघरात ठेवा, म्हणजे मैदानावर कुणाच्या हातात द्यायची वेळ येत नाही.

बाकी बघायचं ते असं: बॅटरी हलवून पाहिली तर हलता कामा नये. ब्रेकचं पेडल घट्ट हवं आणि ब्रेक ऑइल पातळीवर. अॅक्सिलरेटर सोडला की लगेच परत यायला हवा. टायरच्या आतल्या बाजूला तारा दिसता कामा नयेत. चाक वर-खाली धरून हलवलं तर खुळखुळ नको. चाकाच्या टोप्या काढा आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (तेवढ्याच जोराने) आवळा. स्विफ्टचा पुढचा टो हुक घरीच फिरवून बसवून आणा, कारण चिखलात रुतल्यावर बंपरमागची जागा शोधताना ओढणारा माणूस विनाकारण ट्रॅकवर जास्त वेळ थांबतो. काचा बंद ठेवा, धुळीसाठी आणि गाडी कलली तर हात आतच राहावा म्हणून. पायात पातळ तळाचे बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. आणि पाणी प्या. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारच्या हीटला माणसाचं डोकं जागेवर नसतं. ताक, ओआरएस, काहीही, पण दर तासाला.

वागण्याबद्दल दोनच गोष्टी बोलतो. मार्शलने कोनाचा दंड धरला आणि तुम्हाला पटलं नाही तर तक्रार क्लर्क ऑफ द कोर्सकडे करा, मार्शलच्या अंगावर जाऊ नका. ज्याच्यावर दुपारी ओरडलात तो संध्याकाळच्या हीटला तुमच्याकडे घाबरत बघतो, आणि घाबरलेला मार्शल झेंडा उशिरा उचलतो. दुसरं म्हणजे गावाचा रस्ता. मैदान बहुधा कुणाच्या तरी गावाच्या हद्दीत असतं. येता-जाता गावातून हळू जा, टायर घासू नका. आदल्या रात्रीची दारूही सकाळी रक्तात असते, तेव्हा ती टाळा. चांगली मैदानं ट्रॅकवरच्या अपघातापेक्षा गावातल्या धिंगाण्यामुळे जास्त वेळा हातातून गेलेली मी पाहिली आहेत.

शेवटी कागदपत्रं, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. खाजगी गाडीच्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असं कलम असतं. त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर वगळलेले असतात. म्हणजे ट्रॅकवर गाडी ठोकली तर दुरुस्ती तुमच्या खिशातून. तेवढी तयारी नसेल तर गाडी उतरवू नका, आणि नंतर "रस्त्यावर झालं" असा खोटा क्लेम करायचा विचारही मनात आणू नका. स्पर्धा एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेची असेल तर लायसन्स काढावं लागतं, रुग्णवाहिका आणि डॉक्टर हजर असतात, नियम लेखी असतात. मान्यता नसलेल्या हौशी कार्यक्रमात हे सगळं तुम्ही स्वतः विचारून घ्यायचं. रुग्णवाहिका कुठे उभी आहे, ती एखाद्याला घेऊन गेली तर रन थांबतात का, जवळचं हॉस्पिटल किती लांब. माझ्या मते रुग्णवाहिका मैदानावर नसेल तर एकही रन सुरू होता कामा नये. आणि कुणी मोकळ्या रस्त्यावर पहाटे 'प्रॅक्टिस' करू म्हणाला तर सरळ नाही म्हणा. सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर कैद एक वर्षापर्यंत जाते.

स्पर्धेनंतर चिंचवडला परतायचं ते त्याच गाडीने, हे विसरू नका. दिवसभर आडव्या ताणाने नट सैल झालेले असू शकतात, ते पुन्हा टॉर्कला आवळा. रिमच्या आत चिखल वाळला असेल तर काढा, नाहीतर हायवेला स्टिअरिंग थरथरतं. हवा तपासा, काढलेलं सामान नीट बांधा, ब्रेक दोन-तीनदा मारून बघा. अर्धा तास सावलीत बसा, काहीतरी खा आणि मग निघा. तुमच्या आयोजकांची रेग्युलेशन्स हाती आली आणि त्यातलं एखादं कलम कळलं नाही तर ते इथेच लिहा, मी वाचून सांगतो.